तीन सोडून चौथा

“ते बटण आता खाली ठेवलंत तरी चालेल,” मी माइकमध्ये म्हणाले, आणि बाळगोंडा मगदूम यांनी बटण खाली ठेवलं.

मग त्यांच्या लक्षात आलं. काचेपलीकडे त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं, पण मांडीवरचे हात थिजले. काही सेकंदांनी त्यांनी बटण हळूच परत उचललं आणि मुठीत धरून बसले, जणू ते खाली गेलंच नव्हतं.

मी यंत्रावरचा आकडा वाचला. माझा आवाज, अडुसष्ट डेसिबल. आणि अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने मला बटण दाबून सांगितलं होतं, की अठ्ठ्याहत्तरच्या खालचं त्याला काहीही ऐकू येत नाही.

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी आनंद झाला. मनात धरलेलं उत्तर प्रयोगातून बरोबर निघालं, की होतो तसा.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची होते. श्रवणशास्त्राची पदवी नुकतीच मिळाली होती आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी करणाऱ्या एका गाडीवर मी सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम करत होते. गाडीच्या मागच्या भागात आवाजबंद खोली बसवलेली होती, एका माणसापुरती. ती गाडी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका यंत्रमागाच्या गावात, शाळेच्या मैदानावर उभी होती. रोज सकाळी मी रिकाम्या खोलीतला आवाज मीटरने मोजून वहीत लिहायची, आणि मग दिवसभराच्या चाचण्यांचे आकडेही त्याच वहीत. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच महिन्यात पेपरात बातमी आली होती. अपंगांच्या पेन्शनसाठी चाळीस टक्क्यांची अट होती, ती साठ करण्याचा प्रस्ताव होता. नुसता प्रस्ताव. पण बातमी आली आणि आठवड्याने आमची गाडी आली. गावाने दोन्हींचा एकच अर्थ लावला.

चाचणी साधी असते. माणूस कानाला हेडफोन लावून बसतो. मी एक सूर सोडते, अगदी हळू. ऐकू आला नाही तर पाच डेसिबलने वाढवते, मग आणखी पाचने. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. असे वेगवेगळे सूर झाले, की सरासरी काढायची. नंतर मी त्याच हेडफोनमधून शब्द म्हणते, ‘दोरी’, ‘कागद’, ‘भाकर’, आणि तो ते परत म्हणतो. सुरांची सरासरी आणि शब्दांची पातळी जवळपास सारखी यावी लागते. कारण कान तोच असतो.

त्या दिवशी सकाळी चार माणसं तपासून झाली होती. चौघांच्याही दोन आकड्यांत पंधराचा फरक होता. एखाद्याचा बारा, एखाद्याचा वीस आला असता तर मी थकवा म्हणून सोडून दिलं असतं. पण चौघांचा पंधरा? निसर्गात इतकी शिस्त नसते.

मी चहाला म्हणून खाली उतरले. मैदानात रांग लागली होती. तपासून झालेला एक माणूस दूर कुंपणापाशी उभा राहून रांगेतल्या लोकांना हातवारे करत होता. आवाज नाही, नुसती बोटं आणि ओठ.

“हे काय चाललंय?” मी गाडीचे चालक शिंत्रे यांना विचारलं. ते त्याच गावचे होते.

शिंत्रे हसले. “मॅडम, ही मागावरची बोली. चाळीस माग एकदम धडधडायला लागले, की तोंडानं बोलून काय उपयोग? बापजाद्यांपासून सगळे असंच बोलतात. मालकाला शिव्यासुद्धा त्याच्यासमोर देतात. त्याला कळत नाही.”

“आत्ता काय म्हणतोय तो?”

शिंत्रे चहाचा कप उगाच फिरवत राहिले.

“सांगा की.”

“तुम्ही माझं नाव नाही सांगायचं.”

“नाही सांगणार.”

“तीन सोडा म्हणतोय. चौथा धरा.”

ऐकू आलेले पहिले तीन आवाज सोडायचे आणि चौथ्याला बटण दाबायचं. पाच, पाच, पाच. पंधरा. मी चहा अर्धा टाकून वर आले. पाचवा नंबर बाळगोंडा मगदूम यांचा होता.

बटणाचा तो प्रकार झाल्यावर मी खोलीचं दार उघडलं. त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे दिला आणि आपलं श्रवणयंत्र कानात बसवलं. साठीला आलेला माणूस. धुतलेला सदरा, छातीच्या खिशाला पेन, आणि कागदांची प्लास्टिकची पिशवी मांडीखाली ठेवलेली, हरवू नये म्हणून.

“मगदूम,” मी त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं म्हणाले, “तुम्ही बटण खाली ठेवलंत.”

“हात अवघडला हुता.”

“मी ठेवा म्हटलं तेव्हाच अवघडला?”

त्यांनी खाली बघितलं. मला वाटलं, आता भांडतील. भांडणारे खूप असायचे. पण ते म्हणाले, “सापडलो म्हना की.”

“तीन सोडून चौथा?”

त्यांनी चमकून वर बघितलं. “तुमास्नी आमची बोली येती?”

“नाही. मला हिशेब येतो.”

ते हसले. मीही हसले. एवढ्याशा खोलीत दोन माणसांचे गुडघ्याला गुडघे लागतील एवढीच जागा होती.

“मॅडम, मी लबाड माणूस न्हाई,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं माग चालवला. ल्हानपनापास्नं कान वाहायचा, त्यात ह्यो धडधडाट. एक दिवस पट्टा तुटला, पोरं वरडली, मला ऐकूच आलं न्हाई. हितं लागलं.” त्यांनी सदऱ्याची बाही वर करून कोपरापासून मनगटापर्यंत गेलेला व्रण दाखवला. “मालक म्हनाला, मगदूम, पुढच्या टायमाला हात जाईल आनि केस माझ्यावर यील. घरी बसा. बसलो.”

“मागच्या प्रमाणपत्रावर किती टक्के होते?”

“चोपन्न.”

“मग झालं की. चाळीसच्या वर आहात. खोटं कशाला?”

“चाळीस आज हाय. उद्या साठ हुनार म्हनं.”

“तो प्रस्ताव आहे. अजून काही ठरलेलं नाही.”

“ठरल्यावर तुमची गाडी परत यायची हाय का?”

मी हातातल्या हेडफोनची वायर गुंडाळू लागले.

“पोराच्या घरात राहतो आमी दोघं,” ते म्हणाले. “पोरगं वाईट न्हाई. सूनबी वाईट न्हाई. पर त्या पेन्शनीमुळं मी घरात अजून मानूस हाय. म्हैना झाला की सून इचारती, मामा, आली का? त्यात चेष्टा नसती. आली म्हटलं की ताट वाढती. न्हाई म्हटलं तरी वाढंल. पर कसं वाढंल, ते मला बघायचं न्हाई.”

बाहेरून शिंत्रेंनी दार वाजवलं. रांग वाढत होती.

“परत करू,” मी म्हणाले. “आता खरं करा. अगदी बारीक आवाज आला, शंका असली, तरी दाबायचं.”

“आनि साठ भरलं न्हाई तर?”

“नाही भरलं तर नाही भरलं. पण खरं मोजलेलं कोणी खोडू शकत नाही.”

हे वाक्य मी अगदी मनापासून म्हणाले होते. चार वर्षं प्रयोगशाळेत हेच शिकले होते. त्यांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं आणि हेडफोनसाठी डोकं पुढे केलं, एखाद्याने न्हाव्यापुढे करावं तसं.

दुसरी चाचणी वीस मिनिटं चालली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. प्रत्येक सुराला बोट लगेच खाली जात होतं. सरासरी त्रेसष्ट आली, शब्दांची पातळी बासष्ट. आलेख काढला तर चार हजार हर्ट्झच्या सुरापाशी खोल खड्डा, यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या कानाची खूण. पुस्तकात छापावा असा आलेख होता. टक्के पंचावन्न.

“एक वाढला,” मगदूम म्हणाले. “बिनकामाचा.” मग दोन्ही कागदांकडे बघून म्हणाले, “तो पैला फाडून टाका.”

“फाडता येत नाही.”

“का? तुमीच काढलाय न्हवं?”

“घेतलेली नोंद टाकून द्यायची नसते. दोन्ही लावते आणि पहिला का धरायचा नाही ते लिहिते. त्यात तुमचंच भलं आहे. उद्या कोणी विचारलं तर उत्तर कागदावरच असेल.”

“मॅडम, कोन इचारतंय आमास्नी? फाडा की.”

“माझ्यावर विश्वास आहे ना?”

“हाय,” ते म्हणाले. मग कागदांची पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरून गेले. खाली त्यांची बायको उभी होती. तिने हाताने काहीतरी विचारलं आणि त्यांनी हातानेच उत्तर दिलं. ते काय होतं ते मी शिंत्रेंना विचारलं नाही.

दुपारी मी कागद घेऊन डॉक्टर इनामदारांकडे गेले. ते शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकावर कसेबसे मावून सह्या करत होते. मी त्यांना पंधराचा हिशेब सांगितला, सकाळच्या चौघांचाही.

“हुशार आहेस,” ते म्हणाले. “त्या चौघांवर मी सही केलीय. पंधरा कमी केले तरी चौघं चाळीसच्या वर राहतात. तेव्हा तो विषय संपला. हा पाचवा कोण?”

मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दुसरा उचलला, पहिला माझ्याकडे परत सरकवला.

“एकच लाव.”

“सर, पण पहिली चाचणी झाली आहे.”

“झाली असेल. दुसरी खरी आहे ना? मग ती लाव.”

“पहिली लपवली तर उद्या माझ्या वहीतली नोंद आणि फाइल जुळणार नाही. मी खाली लिहिलंय सगळं. वाचा ना.”

त्यांनी वाचलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘पहिल्या चाचणीत अर्जदाराने जाणूनबुजून उशिरा प्रतिसाद दिला. समज दिल्यानंतर घेतलेली दुसरी चाचणी पूर्णपणे विश्वासार्ह आहे. तीच ग्राह्य धरावी.’

“अगं,” ते म्हणाले, “वर हे कोणी वाचत नाही. फाइलीत दोन कागद दिसले की ते फक्त दोन कागद बघतात.”

“तीन वाक्यं आहेत, सर. तीन वाक्यं तर वाचतील.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रांगेत अजून साठेक माणसं होती. “तुझा शेरा, तुझी सही,” ते म्हणाले, आणि दोन्ही कागदांना टाचणी लावली.

मी बाहेर पडले तेव्हा मला हलकं वाटत होतं. एक अवघड गोष्ट नीट केली, असं.

चार महिन्यांनी माझं कंत्राट संपलं होतं आणि मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात लागले होते. एका सकाळी बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, पायात प्लास्टिकच्या चपला. मला बघून त्या उठल्या.

“गाडीवरच्या मॅडम तुमीच न्हवं? मी मगदुमांची पद्मावती. शिंत्र्यांनी पत्ता दिला.”

त्यांनी पिशवीतून एक पत्र काढलं. घडीवर घडी करून ते चिंधीसारखं मऊ झालं होतं.

“पोरानं वाचून दाखवलं. मला म्हनाला, आई, ह्यात काय न्हाई. मग रातभर बोलला न्हाई कुनाशी. तुमी वाचा.”

मी वाचलं. पत्रात लिहिलं होतं की एकाच दिवशीचे परस्परविसंगत दोन अहवाल आढळल्याने प्रमाणपत्राचं नूतनीकरण नामंजूर करण्यात येत आहे, पेन्शन त्या महिन्यापासून बंद. त्याखाली कारण होतं आणि ते अवतरणचिन्हांत होतं: ‘अर्जदाराने जाणूनबुजून उशिरा प्रतिसाद दिला.’

पुढची दोन वाक्यं नव्हती.

“हे तुमी लिवलंय?” पद्माक्कांनी विचारलं. रागाने नाही. खरंच माहिती हवी होती म्हणून.

“हो,” मी म्हणाले. “पण पुढे मी लिहिलं होतं की—”

“त्यांनी तुमास्नी खरं सांगिटलं हुतं का न्हाई?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

रुग्ण ये-जा करत होते. कोणीतरी मला आतून हाक मारली. मी म्हणाले, येते.

“आनि बाकीच्यांची?” मी विचारलं. “त्यांच्यासोबत आलेले होते, सकाळचे चौघं?”

“त्यांची चालू हाय की. त्यांनी कुठं काय सांगिटलं?”

मी अर्ज लिहून दिला. खुलासा लिहिला, माझ्या वहीतल्या नोंदींच्या प्रती जोडल्या. उत्तर यायला सात महिने लागले. त्यात म्हटलं होतं की अर्जदाराची मेंदूलहरींची चाचणी करून घ्यावी. त्या चाचणीत माणसाने बटण दाबायचं नसतं. डोक्याला तारा लावतात आणि तो झोपला असला तरी कान खरं काय ते सांगतो. ते यंत्र आमच्याच रुग्णालयात होतं, एकच. त्याची पुढची तारीख आणखी दहा महिन्यांनंतरची होती. मी विभागप्रमुखांना भेटून ती दोन महिने अलीकडे आणू शकले.

मधल्या काळात साठ टक्क्यांचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. आतल्या पानावर, एका जाहिरातीशेजारी, चार ओळींची बातमी होती. चाळीसची अट चाळीसच राहिली. मी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर नेहमीच्या जागी ठेवला.

तारखेच्या दिवशी मगदूम आले तेव्हा मी त्यांना लगेच ओळखलं नाही. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव बसली होती. जवळ आल्यावर कळलं, ती कापसाची होती.

“परत मागावर जाता?” मी विचारलं.

त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने हाताने सांगितलं.

“मागावर कोन घेतंय? झाडायला हाय. खालचं सूत गोळा करायला. बारा तास.” ते आता पूर्वीपेक्षा खूप मोठ्याने बोलत होते. “पोरगं नको म्हनतंय. पर घरात नुसतं किती बसायचं?”

मी कागदावर लिहिलं: कानात कापूस किंवा बोळे घालता का?

त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि हसले. “बोळं घालून कसं भागंल? कुठला माग बंद पडला ते कळाय नको? आवाज ऐकू येत न्हाई, पर आत धमकतंय. त्याच्यावर वळखतो.”

त्या कारखान्यांतला आवाज मी एकदा मोजला होता. अठ्ठ्याण्णव डेसिबल. तेवढ्या आवाजात माणसाने दिवसातून अर्धा तासही थांबू नये, असं आम्ही शिकतो.

तारा लावल्या. ते पाच मिनिटांत झोपले. बारा तासांची पाळी करून थेट एसटीने आले होते. मी पडद्यावर लाटा बघत होते. आवाज वाढवत गेले. जिथे लाट उठायला हवी होती तिथे रेघ सपाट राहिली. आणखी वाढवला. सपाट. आणखी. मग कुठे एक बारीकशी लाट दिसली. मी यंत्र तपासलं, तारा तपासल्या, पुन्हा केलं. तेच आलं. मग त्यांना उठवून हेडफोनची चाचणीही केली. या वेळी त्यांनी एकही सूर सोडला नाही. दोन्ही आकडे जुळले.

पद्माक्का दाराशी उभ्या होत्या. मगदूम माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आकडा कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरला.

एकाहत्तर टक्के.

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. त्यांचा चेहरा खुलला.

“एकाहत्तर!” ते बायकोला म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच कळत नसल्यामुळे सगळ्या वऱ्हांड्यात ऐकू गेला. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. “ऐकलंस का? एकाहत्तर! आता साठ करूंदेत, न्हाईतर सत्तर करूंदेत. आता कोन काढतंय बघू मला!”

प्रस्ताव मागे घेतल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही त्या दिवशी सांगितलं नाही.

पद्माक्का हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या.

“एकाहत्तर म्हंजे,” त्यांनी हळू विचारलं, “मी मागनं हाक मारली, तर त्यास्नी ऐकू यील का?”

“मागून नाही,” मी म्हणाले.

“म्होरं हून?”

“तुमचं तोंड दिसलं तर कळेल.”

त्यांनी मान हलवली.

“शिक्का कुठं मारून घ्याचा, मॅडम?” मगदूम विचारत होते. कागद त्यांनी पिशवीत घालून तोंड बांधूनही टाकलं होतं.

मी त्यांना खिडकी दाखवली.